न हलणारे पडदे

मिरजेपासून दहा-बारा किलोमीटरवर, सांगलीत बसून गिटार आणि मँडोलिन बनवणं म्हणजे येवल्यात राहून जीन्स शिवण्यासारखं आहे. "वाद्यं बनवतो" म्हटलं की पाहुण्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "सतार की तंबोरा?" गिटार म्हटलं की चेहरा किंचित उतरतो, "अच्छा, तसलं होय" म्हणतात आणि विषय हळदीच्या भावाकडे जातो. मला वाईट वाटत नाही. शेजारच्या गावात दीड-पावणेदोनशे वर्षं तंबोरे होत असतील तर गिटारवाल्यानं थोडं मागच्या रांगेत बसलेलं बरं.

मिरजेची कथा आमच्याकडे बहुतेकांना माहीत असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तलवारी-भाल्यांचं काम आटत चाललं, तेव्हा तिथले शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग वाद्यं घडवण्याकडे वळले. फरीदसाहेब हे त्यातलं पहिलं नाव. पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना उत्तेजन दिलं आणि पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ साली गेल्यावर तिथंच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं तरुण पोरं या कामाला परत येतील का, यावर तिथल्या कारागिरांच्या गल्लीत दोन मतं आहेत आणि दोन्ही चहाच्या तिसऱ्या घोटाला ऐकू येतात.

मी त्या गल्लीत जातो ते लाकडासाठी. तंबोऱ्याची दांडी आणि तबली, म्हणजे तोंडावरची पातळ फळी, तुणीच्या लाकडाची असते. तुणीला बाजारात रेड सीडर म्हणतात खरं, पण झाड महोगनीच्या कुळातलं आहे, आणि गिटारची दांडी जगभर महोगनीची करतात. हलकं, सरळ रेषांचं, पटाशीला ऐकणारं लाकूड. तंबोऱ्यातून उरलेले जुने, चांगले वाळलेले तुकडे माझ्या मँडोलिनच्या दांडीला पुरतात. ते मला एका म्हाताऱ्या कारागिरांकडून मिळतात. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते, मीही चाचाच म्हणतो. तुकडे वजनावर देत नाहीत. बोटाच्या पेरानं टकटक करतात, कानाजवळ धरतात आणि मग किंमत सांगतात. चांगला वाजणारा तुकडा महाग.

या चाचांनी माझी पहिल्यांदा पंचाईत केली ती पडद्यांवरून, म्हणजे दांडीवरच्या ज्या आडव्या पट्ट्यांशी तार दाबून स्वर काढतात त्यांच्यावरून. कधी नव्हे ते सांगलीला आले होते, माझ्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसले होते आणि मी फिंगरबोर्डला चिरा पाडत होतो.

हे काम कसं चालतं ते सांगायला हवं. फिंगरबोर्ड, म्हणजे दांडीवरची बोटांखालची फळी, शिसवीचा, सहा-सात मिलिमीटर जाडीचा. त्यावर पेन्सिलनं आखून चालत नाही, पेन्सिलची रेघ फार जाड. सुरीच्या टोकानं ओरखडा काढायचा, तिरका उजेड पाडून तो दिसतोय का बघायचं. प्रत्येक पडद्याचं अंतर वरच्या टोकापासूनच मोजायचं, एका पडद्यापासून दुसऱ्याचं नाही, नाहीतर प्रत्येक मापातला केसभर फरक साठत जातो आणि बाराव्या पडद्याशी भलताच हिशोब निघतो. मग गुण्यात पट्टी धरून करवत लावायची. चीर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित रुंद, साधारण तीन मिलिमीटर खोल. करवत पहिल्या चार-पाच ओढींना नुसती खरवडते, मग एकदम तिला वाट सापडते आणि आवाज बदलतो. जांभळट भुसा पडतो, त्याला गोडसर वास असतो. शेवटी त्या चिरेत पितळेच्या जातीची तार हातोडीनं ठोकून बसवायची. ती परत निघत नाही असं नाही, पण निघताना लाकडाचे टवके घेऊन निघते.

चाचा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आणि ह्ये हलवायचे कसे?"

"हलत नाहीत, चाचा."

"मग सूर हुकला तर?"

"हुकलेलाच आहे. काही पडदे चढे आहेत, काही उतरे. सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं असं ठरलंय."

चाचांनी चष्मा काढला. "कुणी ठरवलं?"

सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. राग बदलला की वादक अंगठ्यानं पडदा वर-खाली सरकवतो, कोमलाचा शुद्ध करतो, गंधार जरा खाली घेतो. आयुष्यभर असे पडदे बांधलेल्या माणसाला मी सांगत होतो की इथं एकदाच कापायचं आणि त्या जागा रागासाठी नाहीत, गणितासाठी आहेत.

गणित असं. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की प्रत्येक स्वराची कंपनं आधीच्या स्वराच्या १.०५९४६ पट होतात. म्हणून तारेची उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागायची, की पुढच्या पडद्याचं अंतर मिळतं. माझ्या गिटारची तार ६४५ मिलिमीटरची, तेव्हा पहिला पडदा ३६.२ वर, त्यानंतरचा आणखी ३४.२ वर, असं आखडत बारावा बरोबर मध्यावर, ३२२.५ ला. जुने युरोपीय कारागीर १७.८१७ च्या जागी सरळ १८ धरायचे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली स्वतः ल्यूट हे जुनं तंतुवाद्य वाजवायचे, त्यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात हा अठराचा हिशोब दिला आहे. म्हणजे ठरवणारं कुणी एक नव्हतं. कुठल्याही स्वराला सा धरावं आणि कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम, वाजवावी, तरी कुठलीच फार कडू लागू नये, एवढ्यासाठी सगळ्या कडूपणाची सारखी वाटणी केलेली आहे.

वाटणीत मोठा घाटा गंधाराचा होतो. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो, तो सा च्या सव्वापट. सप्तकाचे १२०० बारीक भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर तंबोऱ्याचा गंधार ३८६ वर बसतो आणि गिटारचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक. माझ्या ६४५ च्या तारेवर याचा अर्थ असा की तंबोऱ्याशी जुळायचं तर चौथा पडदा चार मिलिमीटर वर, खुंट्यांच्या बाजूला हवा होता. चार मिलिमीटर म्हणजे सुताराच्या हिशोबात कपाटाचं दार न लागण्याइतकं. पंचमाची तक्रार मात्र नाही, तिथं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा मामला आहे.

हे आकडे मी चाचांना सांगितले नाहीत. वर्कशॉपमध्ये एक तंबोरा असतो, तो लावला आणि शेजारी गिटारवर चौथा पडदा दाबून तार छेडली. चाचांनी एकदाच ऐकलं आणि तोंड असं केलं की मी गिटार खाली ठेवली.

गंमत म्हणजे हे भांडण आमच्याच भागात शंभर वर्षांपूर्वी रीतसर होऊन गेलेलं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी स्वर तारेवर मोजून १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरजागांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिलं. या मोजमापाला गळा होता अब्दुल करीम खाँसाहेबांचा. इ. क्लेमेंट्स नावाचे आयसीएस न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले आणि या मंडळींनी पेटीच करवून घेतली, श्रुतींची पेटी, प्रत्येक स्वराला एकाहून जास्त जागा असलेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिचं प्रात्यक्षिक झालं. संगीतशास्त्री भातखंड्यांना ते पटलं नाही. पेटी काही रुळली नाही. एक कलेक्टर, एक न्यायाधीश आणि एक खाँसाहेब मिळून गंधार जागेवर आणायला निघाले होते, हे चित्र मला फार आवडतं. निवृत्त अधिकाऱ्यांनी अशी कामं हल्ली का सोडून दिली कोण जाणे.

आणि तरी बाकीच्या महाराष्ट्राचा कान साध्या पेटीनंच घडवला. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, ती सत्तरच्या दशकाच्या तोंडापर्यंत टिकली, पण नाटकांच्या पदांतून आणि भजनांतून पेटी हलली नाही. आमची सांगली ही विष्णुदास भाव्यांची, १८४३ च्या नाट्यप्रयोगाची. इथल्या माणसाला पेटीचा चढा गंधार आईच्या आवाजाइतका ओळखीचा आहे. त्यामुळे गिटार बेसूर आहे असं कुणी शुद्धतेचा आव आणून म्हणालं की मला पटत नाही. ती आपल्या करारात सुरेल आहे. माझी अडचण एवढीच की मी दोन्ही करार रोज ऐकतो. सकाळी तारा चढवताना एका हाताला तंबोरा गुणगुणत असतो आणि दुसऱ्या हाताला ट्यूनरची हिरवी सुई मला सांगत असते की सगळं ठीक आहे.

बरं, वाटणी करूनही काम संपत नाही. तार पडद्यावर दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून खालची घोडी, जिच्यावर तारा टेकतात ती, हिशोबाच्या जागेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यायची, जाड तारांना जास्त, बारीक तारांना कमी. गिटारच्या घोडीवरचं हाड तिरकं दिसतं ते यामुळे. मँडोलिनची घोडी तर चिकटवलेलीच नसते, नुसती तारांच्या दाबानं उभी राहते. आठ तारांचा मिळून ताण ऐंशी किलोच्या आसपास, एवढ्याशा वाद्यावर.

दुसरा उलटा संसार झिणझिणीचा. तंबोऱ्याच्या रुंद घोडीला कानशीनं अगदी सौम्य उतार देतात, तार तिला चाटत कंप पावते आणि तो भरलेला, उलगडणारा नाद येतो. ही जवारी. ती लावण्यात मिरजेच्या कारागिराचा खरा कस लागतो. घोडीवरून कानस दोनदा जास्त फिरली तर नाद चपटा. गिटारमध्ये हीच झिणझिण आली की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. मग मी पोलादी पट्टी ठेवून पडदे एका पातळीत आणतो, शाईनं रंगवून उंच डाग शोधतो, घासतो, पुन्हा गोलाई देतो. एक अख्खी दुपार त्या आवाजाला घालवण्यात जाते जो दहा किलोमीटरवर दुसरा माणूस आणण्यासाठी खपत असतो. माझी एक नुकतीच पूर्ण झालेली, मला स्वतःला फार स्वच्छ वाटणारी गिटार चाचांनी ऐकली आणि म्हणाले, "आवाज बंद हाय. उघडून देऊ का?" मी गिटार अलगद भिंतीवर टांगली.

एका बाबतीत मात्र आमचं लगेच जुळलं. स्पेनच्या आन्तोनियो दे तोरेसनं १८६२ मध्ये एक गिटार केली, तिची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या. वरची तबली तेवढी चांगल्या लाकडाची. आवाज तबलीत असतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं तर चाचा म्हणाले, "मग भोपळा काय असतोय? वाळका पुठ्ठाच की."

तबलीवरच माझा सगळा जीव असतो. स्प्रूस या परदेशी सूचिपर्णी लाकडाच्या दोन पाकळ्या पुस्तकासारख्या उघडून मधोमध जोडायच्या, रंध्यानं तीन मिलिमीटरच्या आत-बाहेर आणायच्या, मग आतून एक्सच्या आकारात पट्ट्या चिकटवायच्या. ही एक्सची पद्धत अमेरिकेतल्या मार्टिननं रुळवली. सी. एफ. मार्टिन हा मूळचा सॅक्सनीतल्या मार्कनॉयकिर्शनचा. तिथं व्हायोलिनवाल्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं की वाद्यं आम्हीच करणार, सुतारांनी गिटारीला हात लावायचा नाही. मार्टिनचं घराणं सुतारांच्या बाजूचं. १८३३ मध्ये तो न्यूयॉर्कला निघून गेला. इकडे तलवारी घासणारे सतारी करू लागले, तिकडे कपाटं करणाऱ्यांना गिटारसाठी देश सोडावा लागला. पट्ट्या चिकटल्या की त्या पटाशीनं टोकांकडे निमुळत्या करत जायचं. दोन बोटांत तबली एका ठरावीक जागी लोंबती धरायची आणि मध्ये टकटक करायची. सुरुवातीला पाट वाजवल्यासारखा कोरडा आवाज येतो. पटाशीची एकेक पातळ साल निघते तसा तो खाली उतरतो, लांबतो, मागे थोडा रेंगाळायला लागतो. कुठं थांबायचं हे सांगता येत नाही. एवढं सांगतो की आणखी एक साल काढावी असं फार मनापासून वाटायला लागलं की मी पटाशी ठेवून चहा करायला जातो.

लाकडाचा एक विनोदही सांगून टाकतो. ब्राझीलची शिसवी १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात जवळपास बंद झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून जगातल्या नामांकित गिटारींच्या पाठी आणि कडा आपल्या भारतीय शिसवीच्या होऊ लागल्या होत्या. म्हणजे त्यांना पाठीसाठी आपलं लाकूड लागतं आणि मला तबलीसाठी त्यांचं. मधला खर्च दोघांच्या गिऱ्हाइकानं द्यायचा.

हवेचं दुखणं सांगलीकराला वेगळं सांगायला नको. लाकूड चिकटवताना हवेत चाळीस ते पन्नास टक्के ओलावा असावा. एप्रिलमध्ये इथं तबली पापडासारखी कडक होते आणि जुलैमध्ये फुगून बसते. ओल्या हवेत चिकटवलेली तबली पुढच्या उन्हाळ्यात आकसते आणि रेषेत तडकते, म्हणून पावसाळ्यात मी फक्त दांड्या कोरतो आणि पॉलिश उतरवतो. तातडीचं काम असलं तर लाकडी कपाटात पिवळा बल्ब लावून तबली आत ठेवायची. हल्ली चाळीस वॅटचा साधा बल्ब मिळणं अवघड झालंय. दुकानदार एलईडी पुढं करतो, तो उजेड चांगला देतो, ऊब देत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हापासून लाकडाचा साठा माळ्यावर असतो. पावसात माळ्यावर ओल कमी असते असं नाही, पण निदान ती वरून येते.

आता मँडोलिनकडे येतो, कारण सध्या टेबलावर तेच आहे आणि त्यात चाचांचा हात आहे.

मँडोलिन आपल्याकडे सिनेमाच्या वाद्यवृंदातून घराघरांत ऐकू आलं. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत मँडोलिनवादक. सज्जाद हुसेन संगीतकार म्हणून मोठेच, पण त्यांनी या वाद्यावर राग वाजवले. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी विजेच्या मँडोलिनवर कर्नाटक संगीत नेऊन ठेवलं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आपला माणूस मँडोलिनवर कॉर्ड क्वचित धरतो, तो एकेक स्वर वाजवतो. तासगावच्या बाजूचे एक भजनी बुवा माझ्याकडे मँडोलिन मागायला आले, तेही अभंगाच्या चाली वाजवण्यासाठी. त्यांचा सा पेटीची काळी एक पट्टी, तो कधी बदलत नाही. हे मी गल्लीत सहज सांगितलं आणि चाचा म्हणाले, "सा बदलत न्हाई, कॉर्ड वाजवत न्हाई, मग त्येचे पडदे ठोकतोस कशाला? बांध की."

प्रश्नाला उत्तर नव्हतं. ल्यूटचे पडदेही आतड्याच्या दोऱ्यानं बांधलेलेच असत, आणि दांडी संपून तबली सुरू झाली की पुढचे पडदे लाकडाच्या काडीचे चिकटवत. तेच करायचं ठरवलं.

मँडोलिनच्या जोड्या जी, डी, ए, ई. सगळ्या अर्ध्या स्वरानं उतरवल्या की दुसरी जोडी काळी एक होते, म्हणजे त्या चार जोड्या बुवांसाठी म, सा, प, रे. चौथा पडदा सव्वादोन मिलिमीटर वर सरकवला आणि काय मजा, सा च्या जोडीवर तंबोऱ्याचा गंधार मिळालाच, प च्या जोडीवर निषाद, म च्या जोडीवर धैवत, तिन्ही एकाच पडद्यात जागेवर बसले. दोन दिवस मी शीळ घालत होतो. मग दुसऱ्या पडद्यानं अडवलं. सा च्या जोडीवर तो रिषभ देतो. तोच पडदा रे च्या जोडीवर वरचा गंधार देतो. रिषभ नीट ठेवला तर वरचा गंधार गिटारपेक्षाही चढा. गंधार नीट ठेवला तर रिषभ उतरतो. दोन जागांमध्ये जवळपास चार मिलिमीटर, आणि पडदा एक.

"सतारीला हे होत नाही का?" मी विचारलं.

"सतारीत बाजाची, म्हंजी सूर वाजवायची, तार येक. पडद्याला येक मालक." चाचांनी माझ्या दांडीवरचा पडदा नखानं वर ढकलला. "हितं चार मालक हायत. तू पडदा खालच्या सुराला ठेव. कमी पडला तर बोटानं तार ओढून चढवता येतोय. चढलेला खाली कशानं आणणार?"

वरच्या जागेला ठेवून तपासलं तर प च्या जोडीवरचा धैवतही त्याच जागी शुद्ध मिळतो. अडतात ते रिषभ आणि म च्या जोडीवरचा खालचा पंचम, आणि ते तार ओढून भागतात. जोडीच्या दोन पोलादी तारा एवढ्या आखूड लांबीवर एकदम ओढायला बोटाला जड जातात, म्हणून नेहमीपेक्षा एक नंबर बारीक तारा घेतल्या आहेत. बुवांना फोनवर हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आषाढीच्या आधी मिळेल ना. मिळेल म्हटलं. तबली मे महिन्यात, कोरड्या हवेतच चिकटवून ठेवली आहे. उरलंय ते पडदे बांधणं, आणि त्यासाठी दोऱ्याचं रीळ मिरजेहून आलंय, लाकडाच्या तुकड्यांबरोबर फुकट.